फर्मा खरा की वाढीव?

हे विश्वंभरा, तुला नमन. तू आकाशाला बाक दिलास आणि त्याखाली एकही टेकू ठेवला नाहीस. चंद्राची कोर वळवलीस, भुवईची रेघ वळवलीस, मातेची कूस वळवलीस, आणि यांतले काहीही कधी उलगडून तुझ्या दारी तक्रार घेऊन आले नाही. तुझ्या हाताला सूट धरावी लागत नाही. तू वळवलेस ते वळले. आम्ही वाकवतो आणि ते मागे येते. पत्रा मागे येतो, मन मागे येते, सकाळी केलेला निश्चय दुपारच्या झोपेत निम्मा सरळ होऊन बसतो. म्हणून दयाळा, तुझ्या चरणी माथा टेकताना आम्ही अंमळ जास्तच वाकतो. उठल्यावर ताठा किती परत येईल याचा भरवसा नाही.

ज्या भल्या माणसाची ही कथा आहे, त्याने एवढी एकच गोष्ट आयुष्यभर उराशी धरली, आणि तिच्यापायी घर, दुकान आणि गल्ली या तिन्हींना घाम फोडला. त्यांना सारे दाजी म्हणत.

दाजी म्हणजे कोणाचे तरी दाजी असणार, हे उघडच आहे. ते होते पत्नीच्या धाकट्या भावाचे. दोघांचे मिळून पत्रेकामाचे दुकान होते आणि दिवसभर तिथून "दाजी, पकड द्या," "दाजी, टोक धरा," अशी हाक घुमत असे. ती आधी गिऱ्हाइकांनी उचलली, मग शेजाऱ्यांनी, मग टपालवाल्याने. अखेर दाजींहून वयाने वडील असलेले सलूनवाले काकाही त्यांना दाजी म्हणू लागले, आणि धाकट्या भावाला साऱ्या गल्लीने मेव्हणे ठरवून टाकले. लग्नपत्रिका न छापता एका दुकानाने अख्खी गल्ली सोयरी करून घेतली. उरल्या अक्का. त्या दाजींच्या पत्नी आणि मेव्हण्यांच्या थोरल्या बहीण. दुकानाच्या मागे घर, घराच्या स्वयंपाकघराला दुकानात उघडणारी एक खिडकी, आणि त्या खिडकीत अक्का. चहा तिथून बाहेर यायचा, बोलणी आत जायची, आणि क्वचित बोलणी बाहेर येऊन चहा आतच राहायचा.

दुकान लांबट होते. भिंतीला टेकून पत्रे उभे, जमिनीवर खडूने काढलेल्या कमानी, एकीवर एक, जणू कोणी मोठ्या पाटीवर चंद्राचा धडा गिरवत बसले आहे. मधोमध भले थोरले लाकडी बाकडे, त्याची कड हातोड्यांच्या घावांनी मऊ झालेली. तेलाचा वास, लाकडाच्या भुशाचा वास, आणि पत्रा कापताना निघणारा, दात शिवशिवणारा आवाज.

आता कामातली मेख सांगणे भाग आहे, कारण पुढचे सारे रामायण तिच्यावर घडले. सपाट पत्रा गोलाईत बसवायचा तर तो लाकडी साच्यावर ओढून, शिकंजे आवळून वाकवतात. आवळला आहे तोवर पत्रा मोठा आज्ञाधारक. शिकंजे सोडले की तो उसासा टाकतो आणि थोडा उलगडतो. किती उलगडेल, हे जो आधी सांगेल तोच कारागीर. पातळ पत्रा जास्त उलगडतो, कडक पत्रा त्याहून जास्त, आणि गोलाई जितकी मोठी आणि संथ तितका त्याचा हट्ट मोठा. म्हणून साचा हव्या त्या बाकापेक्षा अंमळ घट्ट करायचा. पत्रा मागे येतो आणि नेमका हवा तिथे येऊन थांबतो. या अंमळ जास्तीला दुकानात सूट म्हणत.

दाजी ती सूट अंगठ्याने काढत. पत्र्याचा कोपरा बाकड्याबाहेर काढायचा, त्यावर आपला रुंद, चपटा अंगठा दाबायचा आणि एकदम सोडायचा. पत्रा टण्ण करायचा. दाजी कान लावून ऐकायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "हा हट्टी आहे," किंवा "हा गरीब आहे, सांगितलेलं ऐकेल." माणसांनाही ते याच मापाने मोजत. सलूनवाले काका गरीब पत्रा, वळवाल तिकडे वळतील. बेकरीवाल्या बाई हट्टी. अक्कांविषयी विचारले तर दाजी आधी खिडकीकडे पाहत आणि हळूच म्हणत, "तो पत्रा नाही बाबा. तो साचा आहे. आपण त्यावर वाकायचं."

हीच सूट त्यांनी पुढे संसारातही आणली. कोणावर रागवायचे तर दाजी हवे त्याच्या दुप्पट रागवत. "राग निम्मा मागे येतोच, मग पुरेल इतका उरायला नको?" पाहुण्याला निरोप द्यायला दारापर्यंत न थांबता थेट चौकापर्यंत जात, आणि कित्येक पाहुणे संकोचाने त्यांच्यासोबत परत घरी येत. एकदा डॉक्टरांनी सांगितले, "दाजी, पाठीत बाक आलाय, जरा ताठ चालत जा." दाजींनी ताबडतोब सूट धरली. ताठ व्हायचे तर आधी मागे झुकायला हवे! झाले, काही काळ दाजी छातीचा नगारा आभाळाकडे करून गल्लीतून चालत. पाखरे दिसायची, पायाखालचे दिसायचे नाही. बेकरीवाल्या बाईंच्या पावाच्या टोपलीत त्यांचा पाय गेला तेव्हा बाई म्हणाल्या, "दाजी, देव वर आहे हे मान्य. पण पाव खाली आहेत."

दुकानात मात्र एक नियम कडक होता. मापे घेणे आणि फर्मा कापणे हे मेव्हण्यांचे काम. फर्मा म्हणजे हव्या त्या गोलाईत कापलेली लाकडी फळी. त्यावरून साचा बांधणे आणि पत्रा ओढणे हे दाजींचे. फर्मा हातात देताना मेव्हण्यांनी मोठ्याने म्हणायचे, "खरा," म्हणजे हा नेमका हवा तो बाक आहे, सूट तुम्ही धरा. किंवा म्हणायचे, "वाढीव," म्हणजे सूट मी धरली आहे, तुम्ही काही करू नका. आणि दाजींनी तो शब्द तसाच परत म्हणायचा. "खरा." "खरा." एखादा मंत्र दोघांनी मिळून म्हणावा तसा. अक्कांच्या कानाला त्याची इतकी सवय होती, की तो उच्चार झाल्याशिवाय त्या चहाला आधण ठेवत नसत.

मग आला पत्रे लाटणाऱ्या नव्या गिरणीचा पत्रा, जुन्याहून कडक.

बेकरीवाल्या बाईंना भट्टीवर धूर ओढून घेणारे गोलाकार छत्र हवे होते. दाजींनी अंगठा दाबला, कान लावला, डोळे मिटले, साचा बांधला. शिकंजे सोडताच पत्रा असा उलगडला, जसा कोणी जेवून उठून जांभई द्यावी. बाईंनी ते पाहून विचारले, "दाजी, हे भट्टीवर बसवायचं, की याच्याखाली भट्टीसकट मी पण राहायला जायचं?" सारे हसले. दाजीही हसायला निघाले होते. तेवढ्यात मेव्हणे बोलून गेले, "बाई, दाजींचा अंगठा जुन्या पत्र्याचा आहे. नव्या पत्र्याला आता नवा अंगठा आणावा लागेल. मी म्हणत होतो, आधी एक पट्टी वाकवून बघा."

पत्रा मागे येतो. बोललेले मागे येत नाही. ज्या माणसाने हातात हातोडा कसा धरायचा इथपासून शिकवले, त्याच्या अंगठ्याचा गिऱ्हाइकासमोर पंचनामा झाला. दाजी एरवी मेव्हण्यांना अरे-तुरे करत. राग आला की ते आदर वाढवत.

"अहो मेव्हणेसाहेब," ते म्हणाले, "आपण थोर. आपण पट्ट्या वाकवाव्यात. आमचा अंगठा आम्ही घेऊन जातो."

"दाजी, मी तसं नाही म्हटलं..."

"आपण म्हणालात, आम्ही ऐकलं, पत्र्यानंही ऐकलं. आपला जयजयकार असो."

तिथून अबोला सुरू झाला. एकाच बाकड्याच्या दोन टोकांना दोघे बसत आणि निरोप खिडकीतून जात.

"अगं, तुझ्या बंधुराजांना विचार, मोठी कात्री कुठे ठेवली?"

"अक्का, सांग त्यांना, त्यांच्याच मांडीखाली आहे."

"कात्री मांडीखाली आहे," अक्का आतून ओरडत, "आणि अक्कल कुठे आहे ती दोघांनी मिळून शोधा. मी इथे भाजी चिरू, की तुमचे निरोप चिरू?"

त्यावर दाजी अदबीने म्हणत, "त्यांना सांग, कात्री सापडली."

हे हसण्यावारी गेले असते. पण दाजींनी अबोल्यातही सूट धरली. नुसते गप्प बसणे पुरेसे वाटेना, तेव्हा त्यांनी दुकानाची वाटणी काढली. बाकड्याच्या मधून भिंत घालायची. डावी बाजू मेव्हण्यांची, उजवी दाजींची. मनातून त्यांना वाटत होते, मेव्हणे "नको" म्हणतील आणि प्रकरण थोडे मागे येऊन मिटेल. मेव्हण्यांना वाटले, दाजींना खरेच वेगळे व्हायचे आहे, तर आडवे कशाला यावे? ते "बरं" म्हणाले. दाजींना "बरं" ऐकून धक्का बसला. पण माणूस पत्र्याहून हट्टी, मागे कसा येणार? गवंड्याला सांगावा गेला.

अक्कांनी ती जागा पाहिली. भिंत नेमकी त्यांच्या खिडकीच्या मधोमध येणार होती. एका डोळ्याने नवरा दिसणार आणि दुसऱ्याने भाऊ. त्या रात्रीचे जेवण दोघांनाही बिनमिठाचे मिळाले, आणि दोघांनीही मुकाट्याने गिळले. मग अक्कांनी पदराने हात पुसले आणि सांगितले, "भिंत घालायची तर घाला. पण समोरच्या बाळंतिणींच्या दवाखान्याला दारावर गोल छत द्यायचं कबूल केलंय, ते दोघांनी मिळून पुरं करा. पावसापाण्यात बायका कडेवर लेकरू घेऊन दारात उभ्या राहतात. ते झालं की गवंडी येईल. मग मी माझी खिडकी विटांनी बुजवून घेते. कोणाचंच तोंड बघायला नको."

हे शेवटचे वाक्य त्या शांतपणे बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला असता तर दोघांना एवढी भीती वाटली नसती.

काम सुरू झाले. आणि आता, सज्जनहो, प्रेमाची लीला पाहा. द्वेषाने माणूस एक घोळ घालतो. प्रेमाने घालतो तो चांगला दुहेरी असतो.

मेव्हण्यांनी दवाखान्याच्या दाराची मापे घेतली, खडूने जमिनीवर कमान काढली, आणि हातात करवत घेऊन विचारात पडले. पत्रा त्याच नव्या गिरणीचा, कडक. दाजी पट्टी वाकवून पाहणार नाहीत, कारण पट्टी हा शब्दच आता शिवीसारखा झाला आहे. ते जुन्या अंगठ्याने सूट धरणार, आणि छत जांभई देणार, तेही भर रस्त्यात, साऱ्या गल्लीसमोर. बेकरीत एकदा हसे झाले, आता पुन्हा नको. म्हणून मेव्हण्यांनी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गुपचूप एक पट्टी वाकवली, ती किती मागे येते ते मोजले, आणि ती सूट फर्म्यातच धरली. कमान जमिनीवरच्या रेघेहून घट्ट कापली. आता दाजींनी जुनी सूट वर घातली तर? या विचाराशी ते अडखळले खरे. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की दाजींचा विश्वास उडाला आहे, ते या वेळी सूट धरायला धजणारच नाहीत, फर्मा देईन तसाच साचा बांधतील. माणसाला जे हवे असते ते त्याला पटतेही किती लवकर!

त्यांनी फर्मा खिडकीत ठेवला. अक्कांनी तो उचलला आणि सवयीने थांबल्या. "काय सांगू? खरा की वाढीव?"

मेव्हणे गोरेमोरे झाले. वाढीव म्हणावे तर त्याचा अर्थ, मला पुन्हा तुमच्या अंगठ्यावर भरवसा नव्हता. "काही नको सांगू. नुसता दे."

अक्कांनी फर्मा दुसऱ्या बाजूला दिला. दाजींनी तो घेतला, थोडे थांबले, कान दिला. शब्द आला नाही. विचारावे तर अबोला आपण मोडल्यासारखे होते. शिवाय शब्द आला नाही याचा अर्थ नेहमीचाच, खरा. नेहमी खराच तर असायचा.

आणि दाजी? दाजींनी त्याआधीच एक पराक्रम केला होता. भल्या पहाटे अंगणात पाण्याच्या पिंपाभोवती ते पत्र्याची एक पट्टी ओढून आवळत होते, सोडत होते, खडूने खूण करत होते. "किती रे मागे येतोस तू," असे ते पट्टीला म्हणत असतानाच मागून अक्का पाणी भरायला आल्या.

"काय चाललंय?"

"काही नाही. पिंप गळतंय का बघतोय."

"पट्टी बांधून?"

"त्याला... लागलंय."

अक्कांना सारे कळले. ज्या पट्टीवरून दुकान फुटत होते, तीच पट्टी हा गृहस्थ घराच्या मागे चोरून वाकवत होता, का तर मेव्हण्याने घेतलेल्या मापांची शान राहावी, शेवटचे काम दोघांच्या नावाला शोभावे. अक्कांच्या मनात आले, आता तरी बोलतील. त्या थांबल्या, मध्ये पडल्या नाहीत. तिथे त्या चुकल्या, पण आशेने चुकल्या. ती चूक देव मनावर घेत नाही.

दाजींनी नव्या पत्र्याला हवी ती पुरेपूर सूट धरून साचा फर्म्याहून घट्ट बांधला. मेव्हणे त्या वेळी दवाखान्याच्या दारावर लोखंडी कमानी बसवायला गेले होते. दाजींनी पत्रे ओढले, शिकंजे आवळले, सोडले. पत्रे उसासा टाकून मागे आले आणि फर्म्यावर असे बसले, की मधून केस जाऊ नये. दाजींनी फर्मा लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. बोलायला शेजारी कोणी नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले आणि म्हटले, "बघ. जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे दवाखान्यासमोर नेले. दाजी एका शिडीवर, मेव्हणे दुसरीवर. बेकरीवाल्या बाई पाव टाकून आल्या, सलूनवाले काका एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून आले, आणि ते गिऱ्हाईकही मागोमाग साबणासकट आले. पहिला पत्रा कमानीवर चढवला.

तो बसलाच नाही. मधोमध अधांतरी राहिला आणि दोन्ही टोके खालून आत वळून कमानीला मिठी मारू लागली, जशी कानटोपी लहान झाली म्हणजे कानांवर ओढून बसते.

खालून दवाखान्याच्या सिस्टर पाहत होत्या. बाई कामाच्या, बोलणे मोजके. त्या म्हणाल्या, "छत सांगितलं होतं. पाळणा नव्हता सांगितला."

"उलटा धरला तर झोके देता येतील," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"मागच्या वेळी जांभई दिली होती," सलूनवाले काका विचार करून म्हणाले, "या वेळी दातखिळी बसली."

दाजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खिशातून नाही, काखेतून नाही, थेट दोरीने पाठीला बांधून आणलेला फर्मा काढला आणि पत्र्याला लावला. तंतोतंत! फर्म्याशी तंतोतंत आणि दाराशी वाकडे. मग चुकले ते माप! मेव्हण्याचे माप! पण ते ओठांवर येईना. कारण मेव्हण्याचे माप कधी चुकत नाही, हे गल्लीत सगळ्यांना तेच तर सांगत आले होते.

पलीकडच्या शिडीवरून मेव्हण्यांनी फर्मा पत्र्याला तंतोतंत चिकटलेला पाहिला. चिकटायला नको होता. पत्रा फर्म्यापेक्षा उघडा यायला हवा होता. त्यांच्या हातातला हातोडा सुटून साबण लावलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाशी पडला.

"दाजी!" ते ओरडले. "फर्मा वाढीव होता!"

एवढ्या अबोल्यानंतरचा तो पहिला शब्द होता, आणि तो भलत्याच वेळी आला होता.

दाजींनी सवयीने तो परत म्हटला. "वाढीव." मग त्यांना अर्थ कळला. "वाढीव? अरे, मग मी वर माझी सूट घातली की!"

"तुम्ही कशाला घातली?"

"तू सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाही!"

"आणि तू आधीच सूट का धरलीस? माझ्यावर भरवसा नव्हता?"

"तुमचं पुन्हा हसं होऊ नये म्हणून धरली! पण दाजी, तुमच्या जुन्या अंगठ्यानं तर सूट कमी पडायची. ही नेमकी कशी आली? तुम्ही... तुम्ही पट्टी वाकवून बघितलीत?"

"छे! काहीतरीच."

"पिंपाभोवती," गर्दीतून अक्कांचा आवाज आला. "मी बघितलंय. पिंपाला लागलं होतं म्हणे."

आता गल्ली जी हसली, ती थांबेना. सिस्टरसुद्धा हसल्या, आणि आतून एक बाळ रडायला लागले. मात्र दोन शिड्यांवरचे दोघे हसत नव्हते. दाजी शिडीला घट्ट धरून मेव्हण्यांकडे पाहत होते. "अरे," ते म्हणाले, आणि त्या एका "अरे"मध्ये सारे अहो-जाहो वितळून गेले, "तू माझी लाज झाकायला फर्मा वाढवलास?"

"आणि तुम्ही माझ्या मापाची शान राखायला पट्टी वाकवलीत?"

प्रभू, तुझी करणी अशी. एकाने माया केली असती तर छत बसले असते. दोघांनी केली, आणि न सांगता केली, म्हणून ते आकसले.

पत्रे खाली उतरवले, रस्त्याच्या कडेला पोट वर करून ठेवले आणि दोघे मिळून ते उघडू लागले. पण घट्ट झालेला पत्रा उघडतानाही तोच नियम: नुसता हवा तेवढा उघडला तर पुन्हा मिटतो. त्याला हवे त्याच्या पलीकडे उघडावे लागते, मग तो मागे येऊन बरोबर जागी थांबतो. दाजी एका टोकावर, मेव्हणे दुसऱ्यावर, मोठा दाब, मग सोडायचे, मग फर्म्याऐवजी जमिनीवर नव्याने काढलेल्या कमानीवर ठेवून पाहायचे.

आणि मनेही त्याच मापाने उघडू लागली.

"चूक माझी," दाजी दाबत म्हणाले. "दुकान तुझंच. मी घरी बसतो, देवाचं नाव घेतो."

"दाजी, दुकान तुमचं. मी परगावी जातो. तिथे पत्र्याच्या कारखान्यात झाडू मारीन."

"परगावी? माझ्या जिवंतपणी? मीच जातो. डोंगरावर जातो."

"डोंगरावर तुम्हाला चढवणार कोण? पाठीत बाक आहे!"

"पाठीचं नाव काढू नकोस!"

"काढणार! डोंगरावर मीच जाणार!"

"मी थोरला आहे, डोंगर माझा!"

"असं कसं? वाटणी करा ना मग डोंगराची!"

दोघेही लालबुंद झाले, पत्रा मध्ये धरून एकमेकांवर ओरडू लागले. अक्का शांतपणे पुढे आल्या. "दोघांनी भरपूर सूट धरलीत," त्या म्हणाल्या. "आता सोडा, आणि थोडं थोडं मागे या."

दोघांनी पत्रा सोडला. पत्रा मागे आला आणि खडूच्या कमानीवर अलगद बसला. ते दोघे श्वास टाकत एकमेकांकडे पाहत राहिले.

"उद्या दुकान कधी उघडायचं?" मेव्हण्यांनी विचारले.

"रोजच्यासारखं," दाजी म्हणाले. "आणि येताना पट्टी आण. अंगठ्याला आता सोबत लागते."

छत बसले. सिस्टरांनी मान वर करून पाहिले आणि "हं" म्हणाल्या; त्यांच्याकडून ते मोठे स्तोत्र होते. तेवढ्यात थापी आणि ओळंबा घेऊन गवंडी हजर झाला. "भिंत कुठून कुठे घालायची?"

"कसली भिंत?" दोघे एकदम ओरडले, आणि तेही असे की गवंडी दोन पावले मागे सरला.

अक्कांनी त्याला हाताशी धरून छताखाली नेले. "इथे. भिंत नको, ओटा घाल. बाळंतिणींच्या बरोबर येणाऱ्यांना टेकायला होईल. लांब घाल हं. भांडलेले दोघे बसले तरी मधे तिसरं कोणी बसेल इतका."

ओटा झाला. आज तिथे आज्या बसतात, नवे बाप बसतात, आणि संध्याकाळी दुकान बंद झाले की दाजी आणि मेव्हणे बसतात, वरच्या बाकाकडे पाहत आणि त्यात कोणाची सूट किती यावर भांडत. घरातही आता रीतच पडली आहे. अक्का भाजी वाढताना न विचारताच सांगतात, "मीठ घातलंय, वाढीव आहे," आणि दाजी हात जोडून परत म्हणतात, "वाढीव."

हे विश्वंभरा, तुझ्याकडे मागणे एवढेच. या दाजींच्या अंगठ्यात जोर राहू दे आणि मेव्हण्यांच्या जिभेवर वेळेला शब्द राहू दे. अक्कांची खिडकी उघडी राहू दे, तिच्यातून चहा आधी येऊ दे आणि बोलणी मागून. ज्या लेकराला आई या छताखालून घरी नेईल, त्या लेकराच्या डोक्यावर असाच कोणाच्या तरी मायेचा बाक राहू दे. आणि दयाळा, या घराला सुख देताना मागितल्यापेक्षा अंमळ जास्त दे. संसार कडक पत्र्याचा आहे. थोडे मागे येणारच. मागे येऊन जे उरेल, ते यांना जन्मभर पुरो.